डेव्हन अव्हेन्यूवरच्या सह्या

शिकागोच्या उत्तर भागात डेव्हन नावाचा रस्ता आहे. इथल्या प्रत्येक मराठी घराला तो ठाऊक असतो. कढीपत्ता, पोह्याचे पापड, गणपतीची मूर्ती, सगळं तिथेच मिळतं. या रस्त्याच्या एका तुकड्याला महात्मा गांधींचं नाव दिलं आहे, आणखी एका तुकड्याला गोल्डा मेअर यांचं. किराणा दुकानांमागच्या गल्ल्यांमध्ये धर्मनिष्ठ ज्यू कुटुंबं राहतात. त्यांची सिनेगॉग तिथे आहेत, मुलांच्या शाळाही तिथेच. मी या गल्ल्यांपैकी एकीत ३१ वर्षं राहते आहे.

माझं माहेर अलिबागचं, घर इस्रायल आळीच्या तोंडाशी. शेजारची बेने इस्रायल मावशी माझ्या आईची जिवलग मैत्रीण होती. मालिद्याचे गोड पोहे मी तिच्या हातचे खाल्ले आहेत. मी शाळेत असताना तिचं कुटुंब इस्रायलला गेलं आणि अश्दोदला स्थायिक झालं. ती आता ऐंशीच्या पुढे आहे, तरी फोनवर पहिला शब्द ‘काय गो’ असाच येतो.

७ ऑक्टोबर २०२३ला मी तिला फोन लावला तेव्हा ती घरातल्या सुरक्षित खोलीत बसली होती. अश्दोद गाझापासून जेमतेम तीस किलोमीटरवर आहे. भोंगा वाजल्यावर त्या खोलीत पोचायला ४५ सेकंद मिळतात, आणि तिचे गुडघे दुखतात. हमासच्या त्या हल्ल्यात सुमारे १,२०० माणसं मारली गेली, २५१ जणांना ओलीस नेलं.

माझी रक्तदाबाची औषधं ज्या दुकानातून येतात तिथली फार्मासिस्ट पॅलेस्टिनी आहे. राहते ब्रिजव्ह्यूला, जिथे इथल्या पॅलेस्टिनी लोकांची मोठी वस्ती आहे. तिच्या दोन मामांची कुटुंबं गाझातल्या खान युनिसला होती, जिथे तेव्हा बॉम्ब पडत होते. नोव्हेंबरच्या सुरुवातीला एकदा तिने गोळ्यांची पुडी माझ्या हातात देता देता स्वतःचा फोन माझ्यासमोर धरला. व्हॉट्सअ‍ॅपवर तिने पाठवलेल्या निरोपांची रांग होती. प्रत्येकापुढे एकच करडी टिक. निरोप निघाला होता, पोचला नव्हता. नऊ दिवस.

त्याच आठवड्यात मी शिकागोच्या नगरपरिषदेने शस्त्रसंधीचा ठराव करावा म्हणून सह्या गोळा करणाऱ्या गटात गेले. त्याआधी आयुष्यात कधी कसल्या चळवळीत नव्हते. त्या जवळजवळ तीन महिन्यांत आणि नंतरच्या दोन वर्षांत जे कळलं ते लिहिते आहे.

१. मागणी दारात उभ्याउभ्या सांगता आली पाहिजे.

आमच्या पहिल्या पत्रकात अकरा मागण्या होत्या. गटातल्या प्रत्येकाने आपली एकेक घातली होती. डेव्हनवरच्या एका वयस्कर गुजराती दुकानदाराने ते पत्रक शेवटपर्यंत वाचलं आणि विचारलं, ‘बेन, तुम्हाला हवंय काय ते सांगा ना.’ त्या रात्री आम्ही बसून आठ मागण्या काढून टाकल्या. भांडणं झाली, दोघे जण गट सोडून गेले. तीन उरल्या: कायमची शस्त्रसंधी, गाझात अन्न-पाणी-औषधं, सगळ्या ओलिसांची सुटका. पुढे ठरावातही याच तीन गोष्टी होत्या.

शब्दांवरही लढावं लागलं. तेव्हा वॉशिंग्टनहून ‘मानवतावादी विराम’ हा शब्द येत होता. विराम म्हणजे काही तास किंवा काही दिवस गोळीबार थांबवायचा, मदतीचे ट्रक आत सोडायचे आणि मग पुन्हा सुरू. शस्त्रसंधी म्हणजे थांबायचं, आणि पुढचं बोलणी करून ठरवायचं. ऐकायला फरक लहान वाटतो. मग २४ नोव्हेंबरला खरोखर विराम झाला. सात दिवस टिकला. त्या सात दिवसांत १०५ ओलीस सुटले आणि इस्रायलच्या तुरुंगांतून २४० पॅलेस्टिनी कैदी सुटले, बहुतेक बायका आणि अल्पवयीन मुलं. १ डिसेंबरला बॉम्ब पुन्हा पडू लागले. दारोदारी फिरताना मी सगळ्यात जास्त वेळा हेच सांगितलं. ओलिसाची आई आणि खान युनिसची आई, दोघींना हवं ते एकाच गोष्टीतून मिळालं होतं, आणि ती गोष्ट सातव्या दिवशी संपवली गेली.

२. शुक्रवारी संध्याकाळी ज्यू शेजाऱ्याच्या दाराशी सहीचा कागद घेऊन जाऊ नये.

ही माझी चूक आहे, आणि मला तिची आजही लाज वाटते. डिसेंबरात इथे साडेचारलाच अंधार पडतो. मी ऑफिसातून लवकर सुटले, पॅडला कागद लावला आणि आमच्याच गल्लीत फिरायला निघाले. चौथ्या घरी बेल वाजवली. पलीकडे राहणाऱ्या त्या बाईंना मी पंधरा वर्षं तोंडओळखीने ओळखत होते. दार उघडलं तेव्हा त्यांच्या मागे टेबलावर मेणबत्त्या पेटलेल्या होत्या, पांढरं टेबलक्लॉथ होतं, विणलेला पाव झाकून ठेवला होता. शब्बाथ सुरू झाला होता. त्या दिवशी सूर्यास्तानंतर त्यांना लिहिणं वर्ज्य, आणि मी त्यांच्यापुढे पेन धरलं होतं.

मी अलिबागची. आमच्याकडे बेने इस्रायलांना ‘शनिवार तेली’ म्हणायचे, कारण त्यांचे तेलाचे घाणे शनिवारी बंद असत. शुक्रवारी दिवेलागणीनंतर मावशीकडे कुठलं काम सांगायला जायचं नाही, हे आईने मला पाचव्या वर्षी शिकवलं होतं. शिकागोत येऊन, शांततेच्या सह्या मागताना, तेच विसरले.

बाई रागावल्या नाहीत. ‘रविवारी या’ एवढंच म्हणाल्या. मी रविवारी गेले, पॅड घरी ठेवून गेले. दोन तास बसले. त्यांचे आईवडील पोलंडमधून वाचून आले होते, बाकी सगळं कुटुंब तिथेच संपलं. त्यांचा नातू इस्रायली सैन्यात होता, गाझाच्या सीमेवर. आमच्या मोर्च्यातल्या काही घोषणा त्यांना स्वतःच्या घराविरुद्ध दिलेल्या वाटत होत्या. त्यांपैकी एक घोषणा मीही दिली होती, तिचा अर्थ त्यांना असा लागेल हे मनातही न आणता. त्यानंतर मी ती कधी दिली नाही.

त्यांनी सही केली नाही. फेब्रुवारीत नातू सुट्टीवर घरी आला तेव्हा मात्र त्या स्वतः आमच्याकडे केक घेऊन आल्या, आणि जाताना म्हणाल्या, ‘लढाई थांबावी असं मलाही वाटतं. तुमच्या कागदावर नाही लिहू शकत.’ मी तो कागद पुन्हा पुढे केला नाही. प्रत्येक ‘नाही’मागे वैर असतं असं धरून चाललं की माणूस दारं मोजत पुढे जातो आणि कुणाचं काही ऐकत नाही. मी दोन आठवडे तसंच केलं होतं.

३. ज्याच्या हातात मत आहे त्याला त्याच्याच प्रभागातल्या माणसाने फोन करावा.

शिकागोचे ५० प्रभाग आहेत, ५० नगरसेवक. आमच्या प्रभागाच्या नगरसेविका परिषदेतल्या एकमेव ज्यू सदस्य. हमासच्या हल्ल्याचा निषेध करणारा ऑक्टोबरमधला ठराव त्यांनीच आणला होता, तो मंजूरही झाला होता. शस्त्रसंधीच्या ठरावाला त्यांचा विरोध पहिल्या दिवसापासून उघड होता. तरी मी तीन आठवडे त्यांच्याच कार्यालयात फोन करत राहिले. तिथली मुलगी फोन उचलायची, नम्रपणे निरोप लिहून घ्यायची, आणि मला वाटायचं की काम होतं आहे.

मग गटातल्या एका निवृत्त शिक्षिकेने भिंतीवर तक्ता लावला. पन्नास नावं, तीन रंग: बाजूने, विरोधात, ठरलं नाही. पिवळ्या रंगातली, म्हणजे न ठरलेली नावंच फक्त कामाची. त्या कार्यालयांतून पहिला प्रश्न यायचा तो पत्त्याचा. त्यांच्या प्रभागाचा झिप कोड नसेल तर फोनची मोजणी होत नसे. मग मी आमच्या दिवाळीच्या आमंत्रणांची यादी काढली आणि कोण कुठल्या प्रभागात राहतं ते पाहिलं. एकूण १९ मराठी घरं पिवळ्या प्रभागांत निघाली. मी सगळ्यांना फोन केले. बरेच जण म्हणाले, ‘आपण यात कशाला पडायचं?’ एक काका म्हणाले, ‘दोन्हीकडून मार खाशील.’ सहा जणांनी खरंच आपल्या नगरसेवकाला फोन केला. त्यांतल्या एका वहिनींनी तर दर मंगळवारी केला, जेवणाच्या सुट्टीत, न चुकता. मोर्च्यातल्या हजार माणसांपेक्षा त्या सहा फोनांनी जास्त काम केलं, असं माझं मत आहे.

४. तीन मिनिटांत आकडे सांगू नयेत.

नगरपरिषदेच्या सभेत सुरुवातीला अर्धा तास लोकांसाठी असतो. नाव आधी नोंदवायचं, प्रत्येकाला जास्तीत जास्त तीन मिनिटं. मी पहिल्यांदा लिहून काढलं तेव्हा त्यात मृतांचे आकडे होते, संयुक्त राष्ट्रांचे ठराव होते, वीस वर्षांचा इतिहास होता. मुलीने घड्याळ लावून ऐकलं. साडेसहा मिनिटं झाली, आणि ती म्हणाली, ‘आई, यातलं मला काही आठवत नाहीये.’

मग मी दोनच गोष्टी ठेवल्या: मावशीची ४५ सेकंदं आणि फार्मासिस्टच्या फोनवरची करडी टिक. सभागृहात माझा आवाज कापत होता. तीन मिनिटं संपायच्या आत संपलं. खाली बसले तेव्हा शेजारच्या अनोळखी माणसाने विचारलं, ‘टिकचं काय झालं?’ तेव्हा मला उत्तर द्यायला काही नव्हतं. पुढे अकराव्या दिवशी एका मामाकडून उत्तर आलं होतं हे कळलं. दुसऱ्या मामाच्या घरून कधीच आलं नाही.

५. काही वेळा थांबावं लागतं, आणि थांबण्याची किंमत दुसराच कुणी देतो.

मतदान २४ जानेवारी २०२४ला व्हायचं होतं. २७ जानेवारी हा होलोकॉस्टमध्ये मारल्या गेलेल्यांच्या स्मरणाचा आंतरराष्ट्रीय दिवस. त्या आठवड्याच्या सभेत हा ठराव नको, अशी विनंती आली आणि ठराव एक आठवडा पुढे गेला. गटात प्रचंड चिडचिड झाली. मला तो निर्णय योग्य वाटला. मेणबत्त्यांच्या टेबलाशी दोन तास बसल्यानंतर मला दुसरं वाटणं शक्य नव्हतं.

फार्मासिस्टला मी हे सांगितलं. ती गोळ्या मोजत होती. मोजणं न थांबवता म्हणाली, ‘सात दिवस. तिथे सात दिवस म्हणजे किती माणसं, तुम्हाला माहीत आहे.’ मला माहीत होतं. मी आजही म्हणेन की पुढे ढकललं ते बरोबर होतं. पण तिच्यासमोर मी ते पुन्हा बोलले नाही.

६. जिंकायच्या दिवशी शांत राहणं सगळ्यात अवघड.

३० जानेवारीला सरकारी शाळांतली शेकडो मुलं वर्ग सोडून सिटी हॉलवर आली. ३१ला आम्ही पहाटेच गेलो, रेड लाइनने, सगळ्यांनी दोन दोन स्वेटर चढवून. गॅलरी भरली होती. वृद्ध जेसी जॅक्सन व्हीलचेअरवर आले होते. ठरावाच्या विरोधातलं भाषण चालू असताना गॅलरीतून आरडाओरडा झाला, महापौर ब्रँडन जॉन्सन यांनी सभा थांबवली आणि गॅलरी रिकामी करायला लावली. आरडाओरडा आमच्याच बाजूने जास्त झाला होता. जवळजवळ तीन महिने ज्या क्षणासाठी घालवले तो मी बाहेर, फोनच्या पडद्यावर पाहिला.

२३ विरुद्ध २३. मग महापौरांचं मत. २४ विरुद्ध २३. त्या दिवशी शस्त्रसंधीची मागणी करणारं शिकागो हे अमेरिकेतलं सगळ्यात मोठं शहर ठरलं. वहिनींच्या प्रभागातलं मत आमच्या बाजूने पडलं होतं. मी त्यांना फोन केला तर त्या रडत होत्या.

७. व्हिसावर असलेल्या मुलांना पुढे करू नये.

आमच्या गटात भारतातून शिकायला आलेली चार मुलं होती. उत्साह त्यांचाच जास्त. तेव्हा आम्ही त्यांना फलक देऊन पहिल्या रांगेत उभं करायचो. मार्च २०२५मध्ये न्यूयॉर्कला महमूद खलील या कोलंबिया विद्यापीठातल्या आंदोलकाला पकडलं, आणि त्याच्याकडे तर ग्रीन कार्ड होतं. मग आमच्या लक्षात आलं की आपण परक्याच्या लेकरांना ढाल केलं होतं. आता नागरिकत्व असलेली आम्ही साठीची माणसं पुढे असतो. मुलं भाषांतरं करतात, तक्ते भरतात. त्यांचे फोटो काढत नाही.

८. दोन्हीकडच्या मेलेल्यांची नावं घ्यायला जीभ अडखळत असेल तर काही दिवस घरी बसावं.

हे मी फार विचार करून लिहिते आहे. १४ ऑक्टोबर २०२३ला शिकागोजवळ प्लेनफील्डला सहा वर्षांच्या पॅलेस्टिनी-अमेरिकन मुलाला घरमालकानेच भोसकून मारलं. वर्षभराने, २६ ऑक्टोबर २०२४च्या शनिवारी सकाळी, आमच्या भागात सिनेगॉगला पायी चाललेल्या ज्यू माणसावर गोळी झाडली गेली. तो वाचला. पहिल्या घटनेनंतर मी मेणबत्त्या घेऊन गेले होते. दुसरीनंतर गटात निरोप आला की ‘या विषयावर आपण सध्या बोलू नये.’ मी त्या दिवशी गट सोडला. सहा आठवड्यांनी परत आले, गटाने निवेदन काढल्यावर.

ऑगस्ट २०२४मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचं अधिवेशन शिकागोत भरलं. ओलीस असलेल्या हर्श गोल्डबर्ग-पोलिनचे आईवडील मंचावर बोलले. दोघेही मूळचे शिकागोचे. दुःखाच्या स्पर्धेत कुणी जिंकत नाही, असं त्याचे वडील म्हणाले. सभागृहाबाहेर काही प्रतिनिधी रात्रभर जमिनीवर बसून होते, एका तरी पॅलेस्टिनी माणसाला बोलू द्या म्हणून. कुणालाही बोलू दिलं नाही. दहा दिवसांनी रफाहच्या भुयारात हर्शसह सहा ओलिसांचे मृतदेह सापडले. दुसऱ्याच दिवशी तेल अवीवच्या रस्त्यांवर लाखो लोक उतरले, त्यांची मागणी एकच: करार करा.

तिथली माणसं हे काम आपल्यापेक्षा कितीतरी अवघड जागी उभं राहून करतात. ‘स्टँडिंग टुगेदर’ या संघटनेचे ज्यू आणि अरब कार्यकर्ते मे २०२४मध्ये हेब्रॉनजवळच्या तर्कुमिया नाक्यावर मदतीच्या ट्रकांना संरक्षण द्यायला उभे राहिले, कारण तिथे जमाव ट्रकमधली पोती फाडून रस्त्यावर ओतत होता. आपलं माणूस गमावलेल्या दोन्हीकडच्या कुटुंबांच्या ‘पेरेंट्स सर्कल’ या संघटनेत रामी एल्हानन आणि बसाम अरामीन हे दोन बाप वर्षानुवर्षं एकत्र बोलत फिरतात. रामीची मुलगी १९९७मध्ये जेरुसलेमच्या आत्मघातकी स्फोटात गेली, बसामची दहा वर्षांची मुलगी २००७मध्ये इस्रायली सीमा पोलिसाच्या रबरी गोळीने. कुठला शब्द वापरावा असा प्रश्न पडला की मी या लोकांनी काय वापरला ते पाहते.

मावशी मात्र माझ्याशी सहमत नाही. ‘तू लांब आहेस गो’ म्हणते. मी दर रविवारी फोन करते, आणि आम्ही त्यावर भांडून झालं की अळूवडीबद्दल बोलतो.

९. ठरावाने युद्ध थांबत नाही.

हे आधी कुणी सांगितलं असतं तरी मी हे काम केलंच असतं, पण फेब्रुवारीतलं नैराश्य थोडं कमी झालं असतं. शिकागोच्या ठरावाच्या दिवशी गाझाच्या आरोग्य मंत्रालयाच्या नोंदीत २६ हजारांहून अधिक मृत्यू होते. १९ जानेवारी २०२५ला शस्त्रसंधी झाली, ती १८ मार्चला मोडली. १० ऑक्टोबर २०२५ला पुन्हा झाली, १३ तारखेला जिवंत असलेले शेवटचे २० ओलीस घरी आले. तोवर नोंद ६७ हजारांच्या पुढे गेली होती. त्यानंतरही गाझात माणसं मारली जातच राहिली. म्हणून आमचा तक्ता भिंतीवरून उतरलेला नाही. नावं बदलली आहेत, आता त्यावर संसदेतले प्रतिनिधी आहेत.

महाराष्ट्रात हे वाचणाऱ्यांना एक सांगायचं आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत २७ ऑक्टोबर २०२३च्या ठरावावर भारत तटस्थ राहिला. १२ डिसेंबर २०२३ला भारताने शस्त्रसंधीच्या बाजूने मत दिलं. १२ जून २०२५ला १४९ देश शस्त्रसंधीच्या बाजूने होते आणि भारत पुन्हा तटस्थ. म्हणजे हे मत बदलतं, आणि ते दिल्लीत ठरतं. तुमच्या खासदाराला पत्र लिहा. मागणी एका वाक्यात लिहा, ओलिसांचं आणि गाझातल्या मुलांचं दुःख एकाच पानावर येऊ द्या, आणि खाली आपल्या मतदारसंघाचं नाव आणि पिन कोड घालायला विसरू नका.